विमानतळाचा कोट

इस्त्री कोटाच्या खालच्या काठावरून सरकता सरकता टक्क करून अडली. सोलांजने ती उचलली, पुन्हा टेकवली, पुन्हा टक्क. पस्तीस वर्षं ती मासों रस्त्यावरच्या दुकानात लोकांच्या पॅन्ट आखूड करत होती आणि कोटांची अस्तरं बदलत होती. काठात अडकलेलं नाणं इस्त्रीला कसं लागतं आणि किल्ली कशी लागते हे तिला न बघता कळायचं. हे नाणं नव्हतं. तिने इस्त्री उभी करून ठेवली, काठ दोन बोटांत धरून चाचपत नेला, आणि अस्तराच्या आत काहीतरी गोल, मधे पोकळ असं बोटांखाली फिरलं. उसवून बघायच्या आधीच तिला कळलं. कळल्यावरही तिने काठ सोडला नाही, तशीच धरून उभी राहिली. स्वयंपाकघरात रेडिओ हवामान सांगत होता. मॉन्ट्रियलला उणे तेवीस, वारा धरून उणे चौतीस. बाहेरच्या लोखंडी जिन्यावर तिचा नवरा रेजाँ फावड्याने बर्फ फोडत होता आणि दर घावाला चर्चमधल्या एकेका पवित्र वस्तूचं नाव घेऊन शिवी हासडत होता. अकराला त्याची बहीण युगेत येणार होती, सुट्टी ठरवायला. दहा वाजून गेले होते.

कोट विमानतळाचा. घरात त्याला नावच ते पडलं होतं. दर फेब्रुवारीत ही मंडळी आठवडाभर दक्षिणेत जात. दक्षिण म्हणजे क्यूबा, आणि क्यूबा म्हणजे समुद्रकाठचं ते एकच हॉटेल, दुसऱ्या मजल्यावरची ती एकच खोली. घरातून निघायचं ते दात वाजत, आणि चार तासांनी उतरायचं ते घाम फोडणाऱ्या उन्हात. चांगला जाड कोट नेला तर अर्धी बॅग तोच खातो, म्हणून गल्लीत घराघरात असा एक जुना, पातळ, पेन्शनीत निघालेला कोट असतो. घराच्या दारापासून गाडीपर्यंत, गाडीपासून विमानापर्यंत, आणि आठ दिवसांनी तेच उलट. वर्षाचे बाकीचे एक्कावन्न आठवडे तो मागच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या वासात लटकत राहतो, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. सोलांजचा कोट करड्या लोकरीचा होता, बावीस वर्षांपूर्वी घेतलेला, आणि त्याच्या उजव्या खिशाला भोक होतं. साऱ्या मोहल्ल्याचे खिसे शिवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खिशाला भोक. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! दरवर्षी ती म्हणायची, परत आले की दोन टाके घालते, आणि परत आल्यावर कोट थेट कपाटात जायचा.

तिने छोट्या कात्रीने चार टाके कापले. अंगठी तळहातावर पडली, थोडीशी गरम, इस्त्रीने. बारीक सोन्याची, निळ्या खड्याची, खड्याचा एक कोपरा उडालेला. ही तिच्या आईची. आई लग्नाआधी सहा वर्षं टेकडीवरच्या एका इंग्रज घरात कामाला होती. त्या घरची बाई दर शनिवारी जेवणाच्या टेबलावर चांदीचे चमचे मांडून आईच्या समोर मोजायची. पाठीमागे मोजले असते तर मला काही वाटलं नसतं, आई म्हणायची, पण ती मला समोर उभी करायची. सहा वर्षांत एक चमचा कमी भरला नाही. काम सोडलं त्या दिवशी आईने साठवलेल्या पगारातून ही अंगठी घेतली, कोणा पुरुषाने दिलेली नाही, स्वतःची स्वतःला. भांडी घासताना, कपडे पिळताना तिने ती कधी काढली नाही, खड्याचा कोपरा तसाच उडाला. चमच्यांची गोष्ट सोलांजने इतक्या वेळा ऐकली होती की लहानपणी तिला ती इंग्रज बाई स्वप्नात दिसायची, चेहरा नसलेली, नुसते मोजणारे हात. आणि आता तिला वाटलं, ते हात आपण कधीतरी नीट बघायला हवे होते.

गेल्या वर्षीच्या सुट्टीचा पाचवा दिवस. नाही, पाचव्या दिवशी अंगठी नाही हे कळलं. ठेवली तिसऱ्या दिवशी. उन्हात बोटं सुजतात म्हणून ती दरवर्षी अंगठी काढून ठेवायची. खोलीत तिजोरी होती, पण तिच्या किल्लीचं भाडं वेगळं, आणि रेजाँ म्हणायचा, तिजोरीत ठेवायला आपल्याकडे आहे काय, माझी कवळी? म्हणून अंगठी साबणाच्या डबीत. वर्षभर सोलांज हेच सांगत आली होती, साबणाच्या डबीत ठेवली होती, आणि सांगून सांगून तिला ती डबी डोळ्यांसमोर दिसायची, गुलाबी, झाकणाला चीर गेलेली. आता तळहातावर अंगठी घेऊन उभी असताना तिच्या हाताला दुसरंच काहीतरी आठवायला लागलं. डोक्याला अजून पत्ता नव्हता, हाताला होता. दुपार, जेवणानंतरची. दोन पेले रम पोटात. पंख्याचा आवाज. ती डबी उघडते आणि तिला वाटतं, साबणाची डबी तर पहिली बघतील. कोण बघतील? खोलीत येणारं माणूस एकच. मग कपाटाचं दार, आणि त्या उकाड्यात लोकरीत घातलेला हात, घामेजलेल्या मनगटाला टोचणारी लोकर, डांबराच्या गोळ्यांचा घरचा वास. क्यूबातल्या माणसाला हिवाळ्याचा कोट कशाला हवा! हा विचार तिला तेव्हा फार हुशारीचा वाटला होता, आठवून आत्तासुद्धा तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. संध्याकाळी आणखी दोन पेले झाले आणि सकाळी डोक्यात फक्त डबी उरली.

खोलीत येणारं माणूस म्हणजे मायेलीन. सहा वर्षं तीच. चाळिशीची, ठेंगणी, चालताना थोडी उजवीकडे झुकणारी. टॉवेलांचे हंस करून पलंगावर ठेवणारी, आणि एका वर्षी रेजाँचा चष्मा हंसाच्या चोचीवर घालून गेलेली. दरवर्षी सोलांज एक आख्खी बॅग तिच्यासाठी भरून न्यायची. सगळेच नेत. साबण, डोकेदुखीच्या गोळ्या, मुलांचे बूट, वाचायचे चष्मे. सोलांजच्या बॅगेत शिवाय दोऱ्याची रिळं असत, सुया, चेनी, काजं करायचा रेशमी दोरा, कारण मायेलीनही घरी शिवायची. भाषा अर्धीमुर्धी, पण शिवणाऱ्या बायकांना भाषा किती लागते! मायेलीन स्वतःचा झगा उलटा करून शिवण दाखवायची, सोलांज नखाने दुमड दाखवायची, आणि दोघी हसायच्या. तिच्या मुलीला मेमध्ये पंधरावं लागणार होतं. तिकडे मुलीचं पंधरावं म्हणजे लग्नाइतकं मोठं. त्या झग्यासाठी सोलांजने पाच मीटर पांढरं साटीन नेलं होतं. दुकानातलं उरलंसुरलं नव्हे, मुद्दाम मागवलेलं. शेवटच्या दिवशी द्यायचं म्हणून ते बॅगेच्या तळाशी ठेवलं होतं. ते साटीन त्या बॅगेतूनच परत आलं आणि आत्ता मागच्या कपाटात वरच्या फळीवर होतं, कोट लटकायचा त्याच्या बरोबर वर.

अंगठी नाही म्हटल्यावर तिने आधी स्वतःच शोधली. चादरी झटकल्या, डबी चार वेळा उघडली. मग रेजाँला सांगितलं, आणि ते युगेतने ऐकलं. युगेतने एकदा ऐकलं की ते गावाने ऐकलं. ती तरातरा खाली गेली आणि अर्ध्या तासात सोलांजला ऑफिसात बोलावणं आलं. थंडगार खोली, व्यवस्थापक, आणि त्याचं बोलणं फ्रेंचमध्ये करून सांगायला ओदालिस, क्यूबेकच्या पाहुण्यांसाठी ठेवलेली उंच मुलगी, जिला सगळ्यांच्या नातवंडांची नावं पाठ. मादामना कोणाचा संशय आहे का? सोलांजला आठवत होतं की तिने आईचा विचार केला होता. खरंच केला होता, चमच्यांचा, आणि म्हणूनच तिने वाक्य फार जपून बनवलं होतं. ती म्हणाली, "मी कोणावर आळ घेत नाही. पण खोलीत मायेलीनशिवाय कोणी येत नाही." वाक्य खरं होतं, एकेक शब्द खरा. ओदालिस क्षणभर तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. स्पॅनिशमध्ये ते फारच लहान वाटलं, त्यातला पहिला अर्धा भाग वाटेत सांडल्यासारखा. मग एक कागद आला. सोलांजला त्यातलं स्वतःचं नाव तेवढं वाचता आलं, आणि तिने त्याखाली सही केली. दुसऱ्या दिवशी खोलीत दुसरी बाई आली आणि टॉवेल नुसते घडी करून ठेवून गेली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोरसुद्धा नव्हता. सोलांज पलंगाच्या कडेवर बसली. बाहेर बर्फ उचलणाऱ्या गाड्यांचा भोंगा वाजायला लागला होता, रस्त्याकडेच्या मोटारी हलवा म्हणून. रेजाँ कोणाला तरी ओरडून सांगत होता की ती निळी माझी नाही, माझी पलीकडची. तिला वाटलं, याच भोंग्याबरोबर कोणी मागचं एक वर्षही हलवून नेलं तर बरं होईल. मग तिला ती बस आठवली. आठवली कशाची, ती वर्षभर तिथेच उभी होती, इंजिन चालू ठेवून.

परतीच्या दिवशी हॉटेलच्या दारात विमानतळाची बस. सोलांजच्या अंगावर पातळ झगा, पायात मोजे, आणि हातावर घडी घातलेला करडा कोट. त्या उन्हात हातावर एखादं जनावर घेतल्यासारखा ओझ्याचा. फाटकाबाहेर, गणवेशाशिवाय, मायेलीन. पिवळा ब्लाउज, हिनेच दिलेल्या दोऱ्याने शिवलेला असणार. सोलांजने तिला आधी ओळखलंच नाही, साध्या कपड्यांत ती जरा मोठी दिसत होती. आत यायची परवानगी नसावी, ती फाटकाचा गज धरून उभी होती. ती रडत नव्हती. रडली असती तर सोपं गेलं असतं. तिने फ्रेंच शब्द पाठ करून आणले होते, हे तिच्या ओठांवरून कळत होतं. "सेन्योरा, घरी गेल्यावर पुन्हा बघा. नीट बघा. सापडली तर कळवा." एवढंच. साटीनचं नाव नाही, मुलीचं नाव नाही, आणि मी घेतली नाही हेही नाही. सोलांज म्हणाली, "हो, हो, बघीन," आणि मागून युगेत म्हणाली, "चल, जागा जाईल खिडकीची." तेव्हा अंगठी या कोटात होती. मायेलीनच्या हाताच्या अंतरावर होती. फाटकाच्या गजातून तिने हात लांबवला असता तर लागली असती.

घरी येऊन सोलांजने खरंच शोधली. दोन्ही बॅगा उलट्या केल्या, शिवणी उसवल्या, रेजाँच्या बुटांची अस्तरं काढली. रेजाँ म्हणायचा, पुरे आता, तू स्वतःचीच झडती घेतेयस. तिने सगळं सगळं शोधलं, फक्त जे अंगावर घालून घरी आली ते सोडून. आता ते इतकं उघड दिसत होतं की तिला हसू फुटलं, एकदाच, आणि थांबलं. कारण हाताला आणखी एक गोष्ट आठवत होती. मॉन्ट्रियलचा विमानतळ, काचेची दारं, अंगावर येणारी थंडी. तिने कोट चढवला आणि उजवा हात खिशात घातला. बोट भोकात गेलं. बोट थोडं आत गेलं आणि तिथे, अस्तर आणि लोकर यांच्यामध्ये, एक निमिष थांबलं. त्या निमिषात तिला काय वाटलं होतं? तिला वाटलं होतं की इथून एखादी वस्तू खाली जाऊ शकते. कोणती वस्तू, हा विचार यायच्या आत तिने हात बाहेर काढला आणि हातमोजा चढवला. ती दमली होती, गाडी थंड होती, आणि ज्या कागदावर सही केली तो मागे राहिला होता, समुद्रापलीकडे. एवढंच खरं का? ती स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत राहिली, आणि दर वेळी बोट त्या भोकात जाऊन थांबत होतं आणि दर वेळी ती ते बाहेर काढत होती. मला सापडायलाच नको होती, ती मनात म्हणाली. न सापडलेली अंगठी म्हणजे मी लुबाडली गेलेली बाई. सापडलेली अंगठी म्हणजे कोण, ते ती आता पलंगाच्या कडेवर बसून बघत होती.

युगेत आली ती बुटांवरचं मीठ आणि बर्फ पायपुसण्यावर आपटत, काखेत प्रवास कंपनीच्या रंगीत पुस्तिका. तिचा नवरा गाडी कुठे लावू म्हणत खालीच फिरत होता. "काय गं, चहा ठेवलास की अजून झोपेतच? चेहरा बघ, उकडलेल्या बटाट्यासारखा. ऊन लागायला पाहिजे तुला, ऊन!" तिने टेबलावर पुस्तिका पसरल्या. सगळ्या पानांवर एकच निळं पाणी होतं. "सात तारखेला जायचं विमान सकाळी सहाचं आहे आणि चौदाला परतीचं दुपारचं. मी तर म्हणते हेच घेऊ, अर्धा दिवस जास्त लोळता येतं. आणि या वेळी खोली समुद्राकडची हं, मागच्या वेळी माझ्या या भावाने मला स्वयंपाकघराकडे ढकललं, आठ दिवस तळलेल्या केळ्यांचा वास."

"मी ढकललं? तुझा नवरा घोरतो म्हणून त्यांनी तुला भिंतीपलीकडे टाकलं," रेजाँ लाल नाक पुसत आत आला. "सोलांज, कॉफी आहे का गं? बोटं गेली माझी."

सोलांजने अंगठी पुस्तिकेवर ठेवली, निळ्या पाण्याच्या मधोमध. दोघांनी तिच्याकडे बघितलं, मग अंगठीकडे. रेजाँने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कुठे होती?"

"कोटात. मीच ठेवली होती. खिशाच्या भोकातून आत गेली."

"अगं, मग असा चेहरा काय करतेस!" रेजाँचा चेहरा इतका उजळला की तिला त्याच्याकडे बघवेना. त्याने तिचं डोकं दोन्ही गार हातांत धरून पापी घेतली. "सापडली! तुझ्या आईची अंगठी सापडली, बाई. युगेत, बघितलंस का? आणि मी वर्षभर म्हणतोय, घरातच असणार."

"तू कधी म्हणालास? तू तर त्या पोरीला तुरुंगात घालायला निघाला होतास."

"मी? तूच ऑफिसात गेली होतीस बाह्या सरसावून!"

"मी गेले ते तुमच्यासाठी गेले. माझी अंगठी होती का? उपकाराची फेड, घ्या." युगेतने अंगठी उचलून उजेडाकडे धरली. "बरं झालं बाई. देव आहे. लाव बघू कॉफी, गोडधोड वाटायचे दिवस हे."

दोघं खरोखर आनंदात होती, त्यांत खोट काही नव्हती, आणि हेच सोलांजला सहन होईना. ती म्हणाली, "मायेलीनचं काय?" रेडिओवर कोणी आईस हॉकीचा निकाल सांगत होतं.

"तिला कुठेतरी लागलं असेल काम," रेजाँ म्हणाला. "चांगली कामसू होती. कष्टाच्या माणसाला काय, कुठेही."

"तिथे कुठेही नसतं, रेजाँ. तुला माहीत आहे."

"हे बघ," युगेत पुस्तिका उलटायला लागली, तिचा आवाज एकदम मऊ झाला, "आपण तिथे जायलाच नको. उगीच दारात कोणी भेटलं तर तुला त्रास. यंदा पुंता काना करू, दुसरं बेट. हे बघ, आहे की नाही? वाळू तीच, समुद्र तोच, रम तीच. माणसं पण तशीच गोड."

माणसं पण तशीच. सोलांजने ते पान बघितलं. पानावर एक बाई हसत टॉवेलाचा हंस धरून उभी होती, आणि तिला एकाएकी स्वच्छ कळलं की आपण हो म्हणू शकतो. पुंता काना म्हणू, नवी खोली, नवी बाई, नवी बॅग साबणांची. पुढच्या पाच मिनिटांत उठलो नाही तर आपण हो म्हणणार. तिला स्वतःची भीती वाटली. ती उठली, भिंतीवरच्या फोनखालची वही काढली आणि हॉटेलचा नंबर फिरवायला लागली.

"अगं, आधी ठरवू तरी काय बोलायचं!" रेजाँ म्हणाला.

"ठरलंय. माझ्याकडे सापडली, तिने घेतली नव्हती. लिहून पाठवते, सही करून. आणि तिला परत कामावर घ्या."

तीनदा लाइन तुटली. चौथ्यांदा खरखरीमागून ओदालिसचा आवाज आला, आणि नाव ऐकताच खुलला. "मादाम सोलांज! मी म्हणतच होते, अजून फोन कसा नाही. थंडी किती, उणे किती आहे तिकडे? तुमची खोली ठेवू ना, दुसऱ्या मजल्यावरची?"

"ओदालिस, मायेलीन कुठे आहे?"

"का, मादाम?"

"तिला एक निरोप द्यायचाय. त्या अंगठीचा."

"ते मिटलं, मादाम." आवाज ऑफिसचा झाला. "मागच्या मार्चमध्येच मिटलं. काळजी करू नका. तिने कबूल केलं."

सोलांजला वाटलं, लाइनमुळे चुकीचं ऐकू आलं. "काय कबूल केलं?"

"घेतली म्हणून. मुलीचं पंधरावं होतं ना, त्याच्या खर्चासाठी विकली म्हणाली. रस्त्यावरच्या कोणाला तरी. कामावरच्या सगळ्या बायकांसमोर माफी मागितली तिने."

सोलांजने टेबलाकडे बघितलं. युगेतने अंगठी स्वतःच्या करंगळीत घातली होती आणि हात लांब धरून बघत होती. सोलांज तोंड भिंतीकडे करून हळू म्हणाली, "पण ती माझ्याकडे आहे. आत्ता इथे आहे. माझ्याच कोटात होती."

पलीकडे दार लागल्याचा आवाज झाला. ओदालिस परत आली तेव्हा आवाज दुसऱ्याच बाईचा होता, खालचा, घाईचा. "कोणाला सांगितलंत?"

"घरच्यांना."

"मग घरातच राहू द्या. ऐका, मादाम. ती तीन आठवडे नाही नाही म्हणत होती. नाही म्हणणाऱ्या माणसाला काढून टाकतात आणि पुढे पोलीस. मीच तिला सांगितलं, हो म्हण. कारण पटण्यासारखं सांग, रड, माफी माग. म्हणून तिला धुलाईत ठेवलं. तळघरात आहे, पण काम आहे. आता तुम्ही कागद पाठवलात तर ते तिला विचारणार, मग खोटं का बोललीस? आणि कोणी शिकवलं? ती काय सांगणार?"

"पण तिने घेतली नव्हती."

"हे मला तेव्हाही माहीत होतं." खरखरीत ओदालिसचा श्वास ऐकू आला. "तुमचं वाक्य मीच सांगितलं ना स्पॅनिशमध्ये."

मुलीचं पंधरावं. पटण्यासारखं कारण शोधताना मायेलीनने तेच उचललं होतं. जी एक गोष्ट तिने कोणापुढे पसरायला नको होती, तीच तिने बायकांच्या सभेत आईने पोरीसाठी केलेली चोरी म्हणून मांडली होती. त्या मुलीने तो दिवस कसा काढला असेल, तिला मैत्रिणी काय म्हणाल्या असतील, सोलांजला त्या मुलीचं नावही आठवेना. तिला रडायचं होतं, पण भिंतीवर कॅलेंडर होतं आणि ती त्यातल्या फेब्रुवारीकडे बघत होती. "मग मी काय करू?" तिने विचारलं.

"काही नाही. तुम्ही येताय ना? नाही आलात तर इथे म्हणतील, त्या बाईमुळे जुनी गिऱ्हाइकं तुटली. या तुम्ही. ती चार वाजता मागच्या दाराने सुटते. दिसली तर ओळख दाखवू नका. हाक मारू नका, काही देऊ नका, दोऱ्याचं रीळसुद्धा नाही. आणि अंगठी घालून येऊ नका. तेवढं कराल तिच्यासाठी?"

"करेन," सोलांज म्हणाली.

पलीकडे कोणीतरी आत आलं असावं, कारण ओदालिस एकदम मोठ्याने हसली आणि म्हणाली, "हो हो, मादाम, समुद्राकडच्या अजून शिल्लक आहेत! नातवाला माझा गोड पापा!" आणि फोन ठेवला.

सोलांज रिसीव्हर हातात घेऊन उभी राहिली. लाज वाटत होती. पण लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे तिला लपवता येईना. तिला सुटल्यासारखं वाटत होतं. कागद लिहायचा नव्हता. कोणासमोर उभं राहायचं नव्हतं. फेब्रुवारीत आठ दिवस ती ज्या चादरींवर झोपेल त्या तळघरात मायेलीनने उकळत्या पाण्यातून काढलेल्या असतील, आणि सोलांजला फक्त तिच्याकडे न बघणं जमवायचं होतं, जे तिला येत होतं.

"काय गं, सांगितलंस?" रेजाँने विचारलं. "मिटलं ना सगळं?"

"मिटलं."

युगेतने करंगळीतली अंगठी काढून साखरेच्या भांड्याशी ठेवली आणि पेन उचललं. "मग सात ते चौदा लिहू? जागेचं काय म्हणाली ती?"

"आहे म्हणाली," सोलांजने सांगितलं. "समुद्राकडची."